भुऱ्याचं लोढणं

बडनेरा रोडवर जिथं अमरावती शहर संपायला हवं पण संपत नाही, तिथं केशव ले-आउट आहे. निम्म्या प्लॉटांवर घरं, निम्मे रिकामे. रिकाम्या प्लॉटांत बाभळी, गाजरगवत, डुकरं आणि घरवाल्यांनी गॅलरीतून भिरकावलेल्या कचऱ्याच्या पिशव्या. त्या पिशव्या फोडायला कुत्री येतात. मग तेच घरवाले त्याच गॅलरीत उभं राहून 'कुत्री फार माजली' म्हणून बोंब मारतात. महादेवरावांना सुरुवातीला याचं हसू यायचं. पुढं ते हसणं बंद झालं.

महादेवराव पातूरकडचे. जातीचे माळी. दोन एकर ओलिताचा तुकडा, त्यात वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, दसरा-दिवाळीला झेंडू, आणि या सगळ्यावर टपून बसलेली माकडं, रोही न् रानडुकरं. उभा जन्म त्या तुकड्यात गेला. आधी बायको रुख्मिणी गेली, मग गुडघे गेले, तेव्हा मुलगा श्याम गाडी घेऊन आला, जमीन ठोक्यानं कसायला देऊन टाकली आणि बापाला अमरावतीला घेऊन आला. श्यामचं काही चुकलं नाही. एकट्या म्हाताऱ्याला शेतात सोडलं असतं तर गावानं त्याचेच वाभाडे काढले असते. सून पौर्णिमाही चांगली. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, गोळ्यांची आठवण. घरात सगळं होतं, महादेवरावांना फक्त काम नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यभर कोंबडा आरवायच्या आधी उठून वांग्याला पाणी दिलं, त्याला सकाळी सोफ्यावर बसवून 'आराम करा' म्हणायचं, म्हणजे प्रेमानं दिलेली शिक्षाच ती.

म्हणून ते सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकाच्या मारुतीपर्यंत जाऊन यायचे. खिशात शिळी भाकर असायची. रिकाम्या प्लॉटात सिमेंटचे मोठे पाइप कुणीतरी कधीतरी आणून टाकले होते, त्यांच्याजवळ उभं राहून 'यू यू यू' म्हटलं की आतून भुऱ्या निघायचा. धुळीच्या रंगाचा, एक कान पडलेला, छातीनं भरलेला कुत्रा. निवांत आळस द्यायचा, जांभई द्यायचा आणि समोरच्यावर उपकार केल्यासारखी भाकर खायचा. महादेवरावांना त्याचा हा तोरा फार आवडायचा. दिवसभरात त्यांची वाट पाहणारं त्या ले-आउटमध्ये तेवढंच एक होतं, हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही.

शेतकऱ्याची न् कुत्र्याची सोबत शहरातल्या माणसाला सहसा कळत नाही. शेतकरी कुत्र्याला मांडीवर घेत नाही, त्याचा वाढदिवस करत नाही. शिव्या घालतो, कधी काठी उगारतो. पण दगड मारत नाही. दगड खाल्लेलं कुत्रं पुन्हा हाकेला येत नाही, आणि हाकेला न येणारं कुत्रं जागलीला काय कामाचं? महादेवरावांच्या शेतात कायम तीन-चार कुत्री असायची. रुख्मिणी भाकरी थापताना त्यांना घरच्या माणसांत धरायची. एखादा उंडारा निघाला, दुसऱ्याच्या बकऱ्यांमागं धावू लागला, तर महादेवराव त्याच्या गळ्यात लोढणं घालायचे. लोढणं म्हणजे हातभर लाकूड, गळ्यातून असं लोंबतं सोडायचं की चालताना काही होत नाही, पण धावायला गेलं की गुडघ्यांवर आदळतं. महिनाभरात जनावराची खोड मोडते. मात्र रुख्मिणीचा एक नियम होता. संध्याकाळी लोढणं काढायचं. पातूरच्या डोंगरातून बिबट्या उतरायचा, आणि गळ्यात लाकूड असलेलं कुत्रं म्हणजे त्याला ताटात वाढून दिल्यासारखं. "ज्यानं घातलं त्यानं काढाले हजर राह्यलं पायजे," ती म्हणायची. "नाई तं घालू नये."

भुऱ्याला खोड होती ती गाड्यांची. पायी चालणाऱ्याकडं तो मान वर करून पाहायचाही नाही. पण दुचाकी दिसली की त्याच्या डोक्यात काय शिरायचं देव जाणे. चाकाच्या बरोबरीनं भुंकत धावायचा, आणि गाडी गेली की मोठी लढाई मारल्यासारखा परत यायचा. लोक शिव्या द्यायचे, पाय वर घ्यायचे, निघून जायचे. हाच भुऱ्या गल्लीतल्या आणखी दोन-तीन कुत्र्यांना हाताशी धरून नाल्यापलीकडची टोळी इकडं येऊ देत नव्हता, हे मात्र कुणाच्या ध्यानात नव्हतं. नाल्यापलीकडं चिकनची दुकानं. तिथली कुत्री आतडी खाऊन माजलेली, माणसाला न जुमानणारी. ती नाल्याच्या काठापर्यंत यायची, इकडून भुऱ्याचा आवाज गेला की परत फिरायची. महादेवराव हे रोज बघत होते. शेताचा धुरा, म्हणजे बांध, कोण राखतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर रश्मी पडली. रश्मी म्हणजे समोरच्या किशोरची बायको. एका खासगी शाळेत शिकवायची, स्कूटीवर जायची. मोड घेताना पाइपातून भुऱ्या सुटला, तिनं घाबरून हँडल फिरवलं आणि सिमेंटच्या रस्त्याच्या कडेवर पडली. पाय मोडला. आत रॉड घालावा लागला. शाळेनं वाट पाहिली नाही, तिच्या जागी दुसरी मॅडम घेतली.

महादेवराव तिला भेटायला दवाखान्यात गेले. रश्मी चिडली असती तर बरं झालं असतं, शिव्या ऐकून घेऊन माणूस मोकळा होतो. पण ती नुसती छताकडं पाहत म्हणाली, "काकाजी, मी त्याले रोज पोळी टाकत होती वो. अन् त्यानं मलेच पाडलं." कुत्र्याचा कैवार घ्यायला ते आलेच नव्हते, माफी मागायला आले होते. पिशवीतली संत्री खाटेशी ठेवून ते परत आले.

त्या रविवारी मारुतीच्या मंदिरात ले-आउट जमलं. किशोरचा आवाज चढलेला होता, आणि का चढू नये?

"काकाजी, थो कुत्रा तुमचा हाय का नाई, येवढंच सांगा."

"माहा कसा? रस्त्याचा हाय थो."

"त्याले भाकर कोन घालते?"

"मी घालतो. तुह्या घरची पोळीबी खाते थो."

यावर मागं कुणीतरी हसलं आणि किशोर आणखी भडकला. पोळी टाकताना कुत्रा गल्लीचा असतो आणि पाडतो तेव्हा महादेवरावांचा होतो, हा न्याय एका मिनिटात ठरून गेला. किशोरनं कुत्री पकडणाऱ्यांना फोन केला होता. त्यांनी सांगितलं होतं की आम्ही नेतो, ऑपरेशन करतो, लस देतो आणि पुन्हा त्याच जागी आणून सोडतो, कायदा तसाच आहे. "मंग उपेग काय?" म्हणून सगळे कावले. तेव्हा सभामंडपाच्या खांबाला टेकून बसलेला एकजण अगदी सहज, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हणाला, "मटनात औषध घालून टाका न. येका दिवसात साफ."

कुणी हो म्हटलं नाही. पण कुणी नाहीही म्हटलं नाही. महादेवरावांनी एकेका तोंडाकडं पाहिलं. देवळात बसलेली, लेकराबाळांची, चांगली माणसं होती ती सगळी. श्याम खाली मान घालून मोबाइल पाहत होता. महादेवराव गुडघ्यावर हात देऊन उठले.

"मी त्याले आवरतो," ते म्हणाले. "पुन्हा थो कोनाच्या गाडीमांगं धावला तं मी सोता त्याले घेऊन जाईन. पन औषध घालू नका. हात जोडतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लॉटातली बाभळीची फांदी तोडली. काच घेऊन तासून तासून गुळगुळीत केली, कुठं धस राहिली नाही ना हे गालावर फिरवून पाहिलं. दोरी गळ्याला काचू नये म्हणून तिला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळली. पौर्णिमानं विचारलं, "मामाजी, काय करून राहिले?" तर म्हणाले, "काम." बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला होता. भुऱ्यानं लाकूड गळ्यात घालून घेतलं ते फक्त त्यांनी घातलं म्हणून. दुसऱ्या कुणाला त्यानं गळ्याशी हात नेऊ दिला नसता. आधी तो लाकडाकडं पाहत राहिला, मग महादेवरावांकडं, आणि खाली बसला.

दोन-तीन वेळा गाडी पाहून उठला, धावायला गेला, लाकूड गुडघ्यांवर आदळलं, कळवळून बसला. मग नुसता उभा राहून भुंकू लागला. पुढं भुंकणंही कमी झालं. ले-आउटमध्ये महादेवरावांचं नाव झालं. कुणीतरी भुऱ्याचा फोटो काढून ले-आउटच्या ग्रुपवर टाकला, खाली हसरी तोंडं आली, 'जुने लोक ते जुने लोक' असं कौतुक झालं. किशोरही रस्त्यात थांबून बोलू लागला. श्यामला हायसं वाटलं. आपल्या बापाचा इथं काहीतरी उपयोग झाला, ही गोष्ट त्या घरात पहिल्यांदाच घडत होती. खरं सांगायचं तर महादेवरावांनाही ते गोड लागलं. माणूस म्हातारा झाला म्हणून कौतुकाची भूक जात नाही.

रुख्मिणीचा नियम मात्र ते पाळत होते. दिवस कलला की पाइपांजवळ जायचे, गाठ सोडायचे, भुऱ्याच्या गुडघ्यांवर हात फिरवायचे आणि लोढणं बगलेत मारून घरी यायचे. काही दिवस हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं.

"काकाजी, संध्याकायीच काढून टाकता तं काय फायदा?" किशोर म्हणाला. त्याची शिफ्ट संध्याकाळी सुटायची. "माह्या येण्याच्या वक्ताले थो मोकळा. रश्मी आता कुठं काठीवर चालू लागली. तिले गल्लीत पाय ठेवाची भीती वाटते."

महादेवरावांनी समजावून पाहिलं. नाल्यापलीकडची कुत्री, रात्र, धुरा. किशोर ऐकून घेत होता पण त्याला त्यात कुत्र्याच्या बाजूनं चाललेली वकिली तेवढी ऐकू येत होती. श्यामनंही घरी विषय काढला. "बाबा, लोकांच्या मनासारखं होऊन राह्यलं तं होऊ द्या न. आपल्याले इथंच राहाचं हाय." आपल्याले इथंच राहाचं हाय, हे वाक्य बरोबर जागी लागलं. मुलाच्या घरात राहणाऱ्या बापाला यापेक्षा जास्त सांगावं लागत नाही. त्यानंतर लोढणं रात्रीही गळ्यात राहू लागलं. महिना होत आला होता. भुऱ्याची खोड मोडल्यातच जमा होती. आता दोन-चार दिवसांत कायमचं काढून टाकू, असं महादेवराव रोज स्वतःला सांगत होते.

अशात अकोल्याहून फोन आला. थोरली बहीण पार्बताबाई शेवटच्या घटका मोजत होती. आई लवकर गेलेली, तेव्हा महादेवरावांना न्हाऊमाखू घालून तिनंच वाढवलेलं. सकाळीच निघायचं ठरलं. श्याम स्टँडवर सोडायला गाडी घेऊन फाटकाशी उभा राहिला आणि महादेवराव पिशवी खाली ठेवून पाइपांकडं वळले. भुऱ्या आला. ते वाकले, गाठीला हात घातला. गाठ अर्धी सैलही झाली.

तेवढ्यात किशोर फाटक उघडून बाहेर आला. भांडायला नव्हता आला बिचारा. अगदी अजिजीनं म्हणाला, "काकाजी, तुमी नसाल अन् हा मोकळा? तुमी असले तं तुमचं ऐकते थो. तुमी आल्यावर काढा. तुमाले कोन नाई म्हनून राह्यलं?"

श्यामनं हॉर्न वाजवला. "बाबा, राहू द्या न. दोन दिवसांचा तं प्रश्न हाय. बस जाईन."

महादेवरावांच्या बोटांत दोरी होती. ज्यानं घातलं त्यानं काढायला हजर राहिलं पाहिजे, हे त्यांना त्या क्षणी आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण समोर ज्याच्या बायकोचा पाय मोडला तो माणूस होता, मागं ज्याच्या घरी राहायचं तो मुलगा होता, आणि कुत्र्याच्या बाजूनं बोलायला कुणीच नव्हतं, भुऱ्याही नव्हता. तो शेपटी हलवत उभा होता. त्यांनी सैल झालेली गाठ पुन्हा घट्ट केली आणि गाडीवर बसले.

अकोल्यात दोन दिवसांचे बरेच दिवस झाले. पार्बताबाई मरत नव्हती आणि जगतही नव्हती. मधूनच डोळे उघडायची, भावाला ओळखायची, पण तिच्या लेखी तो अजून शेतातच होता. "महादेव, तू इथं बसला. वावरात कोन हाय?" ती विचारायची. "कुत्र्यायले भाकर टाकली का?"

"टाकली न बाई."

"रुख्मिणी हाय का तिथं?"

"हाय."

बाहेर येऊन ते श्यामला फोन लावायचे. बहिणीचं सांगून झालं की विचारायचे, "भुऱ्याचं लोढणं काढशीन का रे? संध्याकायच्या वक्ताले तरी?" श्यामनं प्रयत्न केला नाही असं नाही. "बाबा, थो मले जवळ येऊ देत नाही. दात दाखवते. तुमी या मंग पाहू." हे खरंच होतं. गळ्याशी हात एकाच माणसाचा चालत होता, आणि तो माणूस अकोल्यात दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. एकदा त्यांच्या मनात आलं, उठावं, बस धरावी, गाठ सोडावी आणि परत यावं. पण मरणाऱ्या बहिणीला सोडून कुत्र्यासाठी अमरावतीला जातो असं भाच्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? ते उठले नाहीत. पार्बताबाई गेली. तिची राख सावडून, भाच्यांच्या आग्रहानं तेरवी आटपून मग महादेवराव परतले.

ऑटोतून गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा दुपार उतरत होती. खिशात तेरवीच्या जेवणातली पुरणपोळी कागदात बांधून आणलेली होती. पाइपांजवळ उभं राहून त्यांनी 'यू यू यू' केलं.

पाइपातून भलतंच कुत्रं बाहेर आलं. मग दुसरं. मग मागच्या गवतातून आणखी. काळी, रुंद जबड्याची, नाल्यापलीकडची. त्यांनी शेपट्या हलवल्या नाहीत. मान खाली घालून ती नुसती त्यांच्याकडं पाहू लागली.

"काकाजी, हळूहळू इकडं या. धावू नका." समोरच्या फाटकातून रश्मीचा आवाज आला. ती काठी टेकत उभी होती. तिनं त्यांना आत घेतलं, फाटक लावलं आणि पायरीवर बसवलं. पाणी दिलं.

मग तिनं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी भर दुपारी ती टोळी नाला ओलांडून आली. रश्मी वरच्या गॅलरीत होती. गल्लीतली बाकीची कुत्री मागच्या प्लॉटात पळाली. भुऱ्या आधी समोर उभा राहिला, भुंकला. मग त्यालाही कळलं आणि तो पळायला गेला.

"लाकूड पायात येऊन राह्यलं होतं, काकाजी. पडे, उठे, पुन्हा पडे. सगळे लोक गॅलरीत होते. काहीजण तं मोबाइलात घेऊन राह्यले होते. मी ओरडली. खाली उतरली, बादली फेकली, काठी फेकली. पन माह्याच्यानं काई जल्दी चालता येत नाही. मले पळता येत नाही, अन् त्यालेही येत नव्हतं. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं."

ती आत गेली आणि जुन्या पेपरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. महादेवरावांनी ते उघडलं नाही. वजनावरूनच त्यांना कळलं.

"मलेच भीती वाटे म्हनून किशोर तुमाले तसा बोलला," रश्मी म्हणाली. "त्याले दोष नका देऊ."

महादेवरावांनी कुणाला दोष दिला नाही. दोष द्यायला दुसरं कुणी शोधावं लागावं, असं काही उरलंच नव्हतं. अर्धी सुटलेली गाठ आपल्याच बोटांनी आवळलेली त्यांना दिसत होती. रात्री पौर्णिमानं वाढलेल्या ताटावर ते बसले आणि तसेच उठले. गच्चीवर जाऊन त्यांनी ते पुडकं पाण्याच्या टाकीमागं ठेवून दिलं. जाळून टाकावं असं वाटलं, पण स्वतःच्या हातानं तासलेलं लाकूड होतं, आणि त्यावर भुऱ्याच्या दातांच्या खुणा होत्या. आपलं आपणच ते सोडवायचा त्यानं कितीदा प्रयत्न केला असेल, या विचारानं त्यांना झोप आली नाही.

नाल्यापलीकडची टोळी आता अलीकडची झाली. गल्लीतल्या पोळ्या, पिशव्या, पाइप, सगळं तिचं. ही कुत्री गाड्यांमागं धावत नव्हती, त्यांना माणसाचंच वावडं होतं. पेपर टाकणाऱ्याच्या पोटरीचा लचका निघाला. दूधवाल्यानं गल्लीच्या तोंडाशीच घंटी वाजवून लोकांना तिथं बोलवायला सुरुवात केली. मारुतीला जाणं महादेवरावांनी काठी घेऊन चालू ठेवलं, श्यामनं कितीही बजावलं तरी. 'यू यू' मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नाही. भाकर तेवढी सवयीनं खिशात जायची आणि सवयीनं परत यायची.

त्या टोळीत एक कोवळी पिवळी कुत्री होती. बाकीच्यांनी खाऊन उरलं तर खायची, नाही तर बाजूला बसायची. तिला हाक न मारताच भाकरीचा वास आला. एक दिवस मारुतीच्या ओट्यापासून ती महादेवरावांच्या मागं मागं, चांगलं अंतर ठेवून, घरापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी अंतर कमी झालं. महादेवरावांनी ठरवलं होतं, आता कुत्र्याचं नाव घ्यायचं नाही. ठरवलेलं टिकलं नाही. त्यांनी भाकर मोडून खाली टाकली आणि तोंड दुसरीकडं केलं. असे काही दिवस गेल्यावर ती त्यांच्या चपलेला नाक लावू लागली. मग एकदा तिनं मान पुढं केली आणि त्यांचा हात आपोआप तिच्या कानामागं गेला. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, किशोर शिफ्टवरून आला. गाडी थांबवून तो दोघांकडं पाहत राहिला.

"काकाजी, ही तं तुमच्या वळखीची होऊन राह्यली," तो खुशीत म्हणाला. "लय चांगलं झालं. ते लाकूड हाय न अजून तुमच्याजोळ? इच्या गळ्यात घालून टाका. इच्यापासून सुरुवात करू, मंग येकेक करून सगळ्यायच्या. तुमचा उपाय येक नंबर होता. सगळे म्हनतात ले-आउटमधी."

किशोर चेष्टा करत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. तो मनापासून बोलत होता, म्हाताऱ्याला मान देऊन. वरच्या गॅलरीतून श्याम खाली पाहत होता. तो म्हणाला, "बाबा, करून द्या न. तुमालेबी काम होईन."

खाली पिवळी कुत्री उरलेल्या तुकड्यासाठी मान वर करून उभी होती. मोकळा, बारीक गळा. महादेवरावांना सगळं एकदम लख्ख दिसलं. बाकीच्या माजलेल्या कुत्र्यांच्या गळ्यात या ले-आउटमध्ये कुणी, कधी, काही घालू शकणार नव्हतं. जे जवळ येईल त्याच्याच गळ्याला हात लागणार होता. आज लाकूड, उद्या फास, परवा मटणातलं औषध, आणि ते खाणारं कुत्रं तेच, ज्याला माणसाच्या हातचं खायची सवय झाली. ती सवय या हातानं लावली होती.

"पाहतो," ते किशोरला म्हणाले. किशोर समाधानानं गाडी आत घेऊन गेला.

महादेवराव वाकले. गुडघे कुरकुरले. कुत्रीला वाटलं भाकर पडली, म्हणून ती आणखी जवळ आली. त्यांनी रस्त्याकडेचा मुठीएवढा दगड उचलला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याला मारला. बरगडीत बसला. ती केकाटली, दूर पळाली. चांगली पळाली, सुसाट, पायात काही न येता.

पाइपांपाशी जाऊन ती थांबली. वळून तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि काही वेळानं, शेपटी खाली घालून, हळूहळू परत यायला लागली. चुकून लागला असेल असं तिला वाटलं असावं. महादेवरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि त्यांना नीट दिसत नव्हतं. चाचपडत त्यांनी दुसरा दगड उचलला.